एकाच घरातल्या दोन चपळ गाड्या : निवड कोणत्या क्रमाने करावी?

नागपुरात जोरकस इंजिनाची, चालवायला मजा येईल अशी गाडी शोधणारा नवा ग्राहक एका शोरूममधून दुसऱ्या शोरूममध्ये जातो, तेव्हा पुष्कळदा त्याला तीच गाडी दोनदा दाखवली जाते. बिल्ला वेगळा असतो, पुढची जाळी वेगळी असते, विक्रेत्याचे शब्दही वेगळे असतात. बॉनेटखालचे इंजिन मात्र तेच असते. स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस ही सेडान जोडी याचे आपल्याकडील सर्वांत ठळक उदाहरण असून या लेखाचा बराचसा भाग तिच्याबद्दल आहे. ह्युंदाई आणि किया, किंवा मारुती आणि टोयोटा यांच्या जोड्यांनाही हाच क्रम लागू पडतो. जिथे पडत नाही तिथे तसे सांगितले आहे.

बहुतेक जण आधी ब्रँड ठरवतात, मग रंग, मग व्हेरिएंट, आणि इंजिन व गिअरबॉक्स जे पदरात पडेल ते स्वीकारतात. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. आधी इंजिन, मग गिअरबॉक्स, त्यानंतर वर्कशॉप आणि किंमत, आणि बिल्ला सर्वांत शेवटी.

पहिली पायरी : जे समान आहे ते बाजूला काढावे

स्लाव्हिया आणि व्हर्टस या दोन्ही गाड्या फोक्सवॅगन समूहाच्या एमक्यूबी ए-झिरो आयएन या भारतासाठी जुळवून घेतलेल्या प्लॅटफॉर्मवर उभ्या आहेत आणि दोन्ही पुण्याजवळच्या चाकण येथील कारखान्यात तयार होतात. स्लाव्हिया फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आली, व्हर्टस त्याच वर्षीच्या जूनमध्ये. दोन्हींच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर २६५१ मिलिमीटर, रुंदी १७५२ मिलिमीटर, डिकी ५२१ लिटरची आणि पेट्रोलची टाकी ४५ लिटरची आहे. व्हर्टसची लांबी ४५६१ आणि स्लाव्हियाची ४५४१ मिलिमीटर भरते. पण चाकांमधले अंतर तेच असल्यामुळे हा वीस मिलिमीटरांचा फरक केवळ बंपरच्या टोकांचा आहे, आत बसणाऱ्याच्या गुडघ्यांना त्याचा काहीही लाभ नाही. सुरक्षिततेचेही तसेच. एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या टक्कर-चाचणीत दोन्हींना प्रौढ प्रवाशांसाठी ३४ पैकी २९.७१ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४२ असे तंतोतंत समान गुण व पाच तारे मिळाले.

नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडे असावीत, भिंती, जोते आणि आड सामाईक, पडदे तेवढे ज्याचे त्याचे, तशी ही स्थिती आहे. त्यामुळे 'आमची बॉडी जास्त मजबूत' किंवा 'आमचे इंजिन जास्त टिकाऊ' अशी वाक्ये यांपैकी कोणत्याही शोरूममध्ये ऐकू आली, तर ती शांतपणे ऐकून घ्यावीत आणि तुलनेच्या कागदावर लिहू नयेत. त्या कागदावर फक्त खरोखर वेगळ्या असलेल्या गोष्टी याव्यात. तो कागद किती छोटा होतो हे पाहून नव्या ग्राहकाला आश्चर्य वाटेल.

दुसरी पायरी : इंजिन ठरवावे आणि नावांना भुलू नये

या जोडीत दोन पेट्रोल इंजिने मिळतात. पहिले तीन सिलिंडरचे ९९९ सीसीचे टर्बो इंजिन, ११५ अश्वशक्ती आणि १७८ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, देणारे. दुसरे चार सिलिंडरचे १४९८ सीसीचे, १५० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन मीटर देणारे. अश्वशक्तीतला फरक कागदावर नजरेत भरतो, पण रस्त्यावर जाणवतो तो टॉर्कमधला. भंडारा किंवा गडचिरोलीकडच्या दुपदरी रस्त्यावर समोर लाकूड भरलेला ट्रक असेल आणि त्याला ओलांडण्यासाठी मोकळी जागा थोडीच असेल, तर मोठे इंजिन गिअर न बदलताही पुढे झेपावते; लहान इंजिनाला त्यासाठी एक गिअर खाली यावे लागते, आणि चालकाला ते आधी सुचावे लागते.

इथे नव्या ग्राहकाची सर्वांत जास्त फसगत होते ती व्हेरिएंटच्या नावांमुळे. व्हर्टसचा 'जीटी लाइन' हा प्रकार ऑक्टोबर २०२४ मध्ये आला; त्याच्या नावात जीटी असले तरी आत एक लिटरचेच इंजिन आहे. त्याच वेळी आलेल्या 'जीटी प्लस स्पोर्ट'मध्ये मात्र दीड लिटरचे इंजिन आहे. स्लाव्हियाचा 'मोंटे कार्लो' हा काळ्या-लाल सजावटीचा प्रकार २०२४ मध्ये दोन्ही इंजिनांसह दाखल झाला, म्हणजे दोन शेजारी एकाच नावाची, एकाच रंगाची गाडी घेऊन येऊ शकतात आणि त्यांच्या इंजिनांत पाचशे सीसींचा फरक असू शकतो. या सजावटीच्या प्रकारांत काळी जाळी, काळे आरसे, लाल शिलाई, काही ठिकाणी लाल रंगवलेले ब्रेक कॅलिपर अशा गोष्टी मिळतात. सस्पेन्शन आणि ब्रेक साध्या प्रकारांचेच राहतात. दीड लिटरच्या गाडीतही मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत, डिस्क नव्हेत. लाल कॅलिपर पाहून वाढीव ब्रेकिंगची अपेक्षा ठेवणाऱ्याने ही बाब लक्षात घ्यावी. म्हणून बुकिंगच्या पावतीवर व्हेरिएंटच्या नावाबरोबर इंजिनाचे सीसी आणि गिअरबॉक्सचा प्रकार लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

यांपैकी कोणते इंजिन घ्यावे, हे आपला महिना कोणत्या रस्त्यांवर जातो यावरून ठरवावे. त्रिमूर्तीनगर ते सिव्हिल लाइन्स, सदर ते मनीषनगर अशाच फेऱ्या असतील आणि वर्षातून दोन-तीनदा रामटेक किंवा पेंचकडे जाणे होत असेल, तर एक लिटरचे इंजिन पुरून उरते. किंबहुना शहरातल्या वेगात ते हलके आणि उत्साही वाटते. उलट शिवमडक्याहून समृद्धी महामार्ग धरून छत्रपती संभाजीनगर, शिर्डी किंवा मुंबईकडे वारंवार जाणाऱ्याने दीड लिटरचा विचार करावा. सातशे एक किलोमीटरच्या या महामार्गावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि त्या वेगात, चार माणसे, सामान व चालू एसी यांसह तासन्‌तास जाताना मोठे इंजिन कमी कष्टात काम करते. शिवाय या इंजिनात भार कमी असताना चारपैकी मधले दोन सिलिंडर आपोआप बंद ठेवण्याची सोय आहे. सपाट महामार्गावर एकसमान वेगाने जाताना ही सोय कामी येते. बर्डीच्या गर्दीत तिचा फारसा उपयोग नाही. त्यामुळे 'दीड लिटरचे असूनही मायलेज देते' हे विधान महामार्गापुरते खरे मानावे.

मायलेजच्या जाहीर आकड्यांवरून या दोन ब्रँडांत निवड करू नये. इंजिन, गिअरबॉक्स आणि वजन जवळपास सारखे असताना कागदावर दिसणारा थोडासा फरक प्रत्यक्षात चालकाच्या उजव्या पायात विरघळून जातो. इंधनाबाबत एक गोष्ट मात्र पाहावी. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत प्रति लिटर सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलवर दोन्ही गाड्यांचे मायलेज थोडे घटणारच. जुनी, म्हणजे २०२२ सालची गाडी घेत असल्यास टाकीच्या झाकणामागचे इंधनाचे स्टिकर आणि मालकाची पुस्तिका या दोन्हींतून तिची ई-२० साठीची पात्रता तपासून घ्यावी.

तिसरी पायरी : गिअरबॉक्स, म्हणजे खरा प्रश्न

माझ्या मते नागपूरकरासाठी हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिच्यावर सर्वांत कमी वेळ खर्च होतो. एक लिटरच्या इंजिनाला सहा गिअरचा मॅन्युअल किंवा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक मिळतो. दीड लिटरला ऑटोमॅटिक हवा असेल तर तो सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ड्युअल क्लच असतो. या इंजिनाचा मॅन्युअल कोणत्या ब्रँडमध्ये आणि कोणत्या व्हेरिएंटमध्ये चालू आहे हे वेळोवेळी बदलत आले आहे, म्हणून तो हवा असणाऱ्याने दोन्हीकडे विचारावे. कधीकधी हा एकच प्रश्न ब्रँडचा निकाल लावून टाकतो.

दोन्ही प्रकारचे ऑटोमॅटिक बाहेरून सारखेच दिसतात, पण त्यांचे अंतरंग वेगळे आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातील जोड तेलातून होते, त्यामुळे पावलापावलाने सरकणाऱ्या रांगेत तो गुळगुळीत चालतो आणि सहजासहजी तक्रार करत नाही. डीएसजीत दोन क्लच असतात. एक क्लच चालू गिअर सांभाळत असताना दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो, म्हणून गिअर विलक्षण वेगाने बदलतो आणि खऱ्या अर्थाने गाडी चपळ वाटते. पण या गाड्यांतला डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. क्लच अर्धवट जोडलेल्या अवस्थेत राहिला की तो घासतो आणि तापतो, आणि कोरड्या क्लचला थंड करायला तेल नसते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना व्हेरायटी चौकात किंवा इतवारीच्या बाजारात अर्धा तास मुंगीच्या गतीने सरकणे ही त्या क्लचची कठीण परीक्षा होय.

याचा अर्थ डीएसजी टाळावा असा नाही. तो कसा चालवावा हे शिकून घ्यावे असा आहे. रांगेत पुढची गाडी जरा सरकली की लगेच आपण सरकू नये, गाडीभर जागा मोकळी होऊ द्यावी आणि मग एकदाच पुढे जावे. उड्डाणपुलाच्या चढावर वाहने अडली असतील तर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर तोलून धरू नये, ब्रेक दाबून उभे राहावे. ज्यांच्या घरात गाडी चालवणारे तिघे-चौघे आहेत आणि प्रत्येकाची सवय वेगळी आहे, त्यांनी एक लिटरचा टॉर्क कन्व्हर्टर घ्यावा हे अधिक शहाणपणाचे, असे मी म्हणेन. एकटा चालक असेल, त्याला गाडी चालवण्याची हौस असेल आणि चिखलदऱ्याच्या घाटात स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलण्यात आनंद वाटत असेल, तर डीएसजीला पर्याय नाही.

चौथी पायरी : बसून पाहावे, आणि दुपारी बसून पाहावे

आता जे वेगळे आहे त्याकडे वळता येईल. व्हर्टसचे डॅशबोर्ड सरळ रेषांचे आणि संयत आहे, स्लाव्हियाचे थोडे अधिक नटलेले. वरच्या प्रकारांत स्कोडाचे दोन दांड्यांचे स्टिअरिंग काहींना फार आवडते, काहींना मुळीच नाही. ही रुचीची बाब असल्यामुळे तिच्यावर कोणाचे मत ऐकण्यात अर्थ नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र मागच्या सीटवर बसवून उतरवून पाहावे, कारण दोन्ही गाड्या एसयूव्हीपेक्षा बऱ्याच खाली बसतात आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाला हाच मुद्दा इतर सगळ्यांवर भारी पडतो.

आपल्याकडच्या उन्हाचा विचार सजावटीच्या प्रकारांबाबत विशेष करावा लागतो. स्पोर्टी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक प्रकारांत आतला भाग काळा, छत काळे आणि पुष्कळदा बाहेरचा रंगही गडद असतो. फुटाळा तलावावर संध्याकाळी ही गाडी देखणी दिसते. दुपारी तीनला उघड्या पार्किंगमधून बाहेर काढताना तिच्या सीटवर हात ठेववत नाही. पुढच्या हवेशीर सीटची सोय दोन्ही ब्रँडांच्या वरच्या प्रकारांत मिळते, आणि नागपुरात सनरूफपेक्षा तिच्यावर पैसे घालवणे मला अधिक रास्त वाटते. मॅट रंग घ्यायचा असल्यास त्याला पॉलिश करता येत नाही आणि ओरखडा पडला तर सगळा पत्रा रंगवावा लागतो, हे आधीच मान्य करून घ्यावे. काचांना गडद फिल्म लावून उन्हावर मात करू असे कोणी सुचवील, पण पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, असा मोटार वाहन नियम आहे.

म्हणून शोरूमच्या थंडगार हॉलमध्ये बसून निर्णय घेऊ नये. शक्य असल्यास दुपारी, उन्हात अर्धा तास उभी असलेली गाडी चाचणीसाठी मागावी आणि एसी किती वेळात मागच्या सीटपर्यंत गारवा पोहोचवतो ते पाहावे.

पाचवी पायरी : टेस्ट ड्राइव्हचा रस्ता आपण ठरवावा

विक्रेता आपल्याला शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक वळसा घालून आणतो. त्यातून काहीच कळत नाही. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, त्याच माणसांसह, त्याच इंजिनाच्या आणि त्याच गिअरबॉक्सच्या असताना, एकाच रस्त्यावर चालवाव्यात. त्या रस्त्यात एक सिमेंटचा पट्टा, एक उंच गतिरोधक, एक उड्डाणपूल आणि एक अरुंद, खाचखळग्यांची गल्ली असावी. वर्धा रोडचा दुमजली उड्डाणपूल, तिथून बाह्य वळण रस्ता आणि परतताना एखादी जुनी वस्ती असा फेरा धरला तर हे सगळे साधते. दोन्ही गाड्यांची जमिनीपासूनची उंची रिकाम्या अवस्थेत १७९ मिलिमीटर आहे; ती चार प्रौढ आणि भरलेली डिकी यांच्या भाराने कमी होते, म्हणून घरासमोरचा गतिरोधक चौघांना बसवूनच ओलांडून पाहावा.

सिमेंटच्या रस्त्यावर आत येणारा टायरचा आवाज डांबरी रस्त्यापेक्षा मोठा असतो आणि नागपुरात सिमेंटचे रस्ते भरपूर असल्यामुळे हा आवाज रोजचा सोबती होणार आहे. पण तुलना करताना एक खबरदारी घ्यावी. एकाच आकाराचे टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असू शकतात, आणि टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत हवा किती भरली आहे याचाही भरवसा नसतो. एका गाडीत तीस आणि दुसरीत अडतीस पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) असेल, तर दुसरी खडबडीत आणि कर्कश वाटेल, आणि ग्राहक घरी येऊन सांगेल की अमक्या ब्रँडचे सस्पेन्शन कडक आहे. म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही गाड्यांची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्यावी आणि टायरवरचे नाव वाचून ठेवावे. पुष्कळ मतांचे मूळ टायरमध्ये सापडते.

जोडी दुसरी असल्यास या पायरीवरचे निष्कर्ष बदलतात. ह्युंदाईच्या एन लाइन गाड्यांत, मग ती आय-ट्वेंटी असो वा व्हेन्यू, कंपनीने सस्पेन्शन अधिक घट्ट केले आहे, स्टिअरिंग जड केले आहे आणि एक्झॉस्टचा आवाजही वेगळा ठेवला आहे. कियाची सोनेट व्हेन्यूप्रमाणेच ९९८ सीसीच्या, १२० अश्वशक्तीच्या टर्बो इंजिनासह मिळते, परंतु तिच्या जीटीएक्स किंवा एक्स-लाइन प्रकारांचा भर रूपावर आणि सोयींवर आहे. म्हणजे इथे बिल्ल्याबरोबर गाडीचा स्वभावही बदलतो, आणि टेस्ट ड्राइव्हला स्लाव्हिया-व्हर्टसपेक्षा कितीतरी अधिक महत्त्व येते. मारुती फ्रॉन्क्स आणि टोयोटा टायझर यांच्या एक लिटर टर्बो प्रकारांत उलट स्थिती आहे. शंभर अश्वशक्तीचे तेच इंजिन, तोच सहा गिअरचा ऑटोमॅटिक, आणि फरक जवळजवळ सगळा जाळी, दिवे व सेवा केंद्रांचा. ज्यांचे बजेट पन्नास लाखांच्या घरात आहे त्यांच्यासाठी २०२५ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आणि स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस या आयात केलेल्या गाड्या आल्या. दोन्हींत दोन लिटरचे २६५ अश्वशक्तीचे तेच इंजिन आहे. मात्र एक आटोपशीर हॅचबॅक आहे आणि दुसरीची डिकी ६०० लिटरची. अशा वेळी निवड जवळपास सामानावरच ठरते.

सहावी पायरी : वर्कशॉप पाहून यावे

शोरूम एकदा पाहायची असते, वर्कशॉप दहा वर्षे. बुकिंगपूर्वी एखाद्या शनिवारी सकाळी दोन्ही ब्रँडांच्या सेवा केंद्रांत जाऊन नुसते उभे राहावे. गाड्यांची रांग किती आहे, सल्लागार ग्राहकाशी कसा बोलतो, अपघाताच्या दुरुस्तीसाठी आलेल्या गाड्या धूळ खात पडल्या आहेत की हलत आहेत, हे तिथल्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक सांगून जाते. तिथे आलेल्या एक-दोन मालकांशी बोलावे. नागपूरकर गाडीविषयी मनमोकळे बोलतो, तक्रार असेल तर जरा जास्तच.

नेमके प्रश्न विचारावेत. डीएसजीचे काम इथेच होते की गाडी किंवा सुटा भाग दुसऱ्या शहरात पाठवावा लागतो? पुढचा बंपर, हेडलाइट आणि काच हे भाग साधारण किती दिवसांत येतात? मोफत सर्व्हिस संपल्यावर मजुरीचा दर काय? सर्व्हिस पॅकेजमध्ये नक्की कशाचा समावेश आहे? दोन्ही गाड्यांचे आतले पुष्कळसे भाग सामाईक असले तरी वॉरंटीतले काम आपल्या गाडीच्या ब्रँडच्या अधिकृत केंद्रातच करून घ्यावे लागते, हे ध्यानात ठेवावे. घरापासून किंवा कार्यालयापासूनचे अंतरही मोजावे. बुटीबोरीत नोकरी करणाऱ्याला कामठी रोडवरचे केंद्र जितके गैरसोयीचे, तितकेच कोराडीकडे राहणाऱ्याला वर्धा रोडवरचे. बाकी सगळे समान असताना या पायरीवर बरी ठरलेली गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सातवी पायरी : किंमत एकाच दिवशी, एकाच कागदावर

व्हेरिएंटच्या नावांवरून किमतींची तुलना होत नाही, कारण दोन्ही ब्रँड सोयींची वाटणी वेगवेगळी करतात. आपल्याला हव्या असलेल्या पाच-सहा सोयी आधी लिहाव्यात आणि त्या सर्व असलेला सर्वांत स्वस्त प्रकार दोन्हीकडे शोधावा. मग त्या दोन प्रकारांची ऑन-रोड किंमत लेखी स्वरूपात, एकाच दिवशी मागावी. सवलती महिन्यागणिक बदलतात, म्हणून गेल्या महिन्याचा कोटेशन या महिन्याच्या कोटेशनशेजारी ठेवणे निरर्थक आहे.

कोटेशनमधल्या ओळी समजून घेणे अवघड नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो, त्यापेक्षा मोठ्यांवर ४० टक्के. स्लाव्हिया आणि व्हर्टस साडेचार मीटरच्या असल्यामुळे एक लिटरचे इंजिन असूनही त्या ४० टक्क्यांत मोडतात, तर आय-ट्वेंटी एन लाइन, सोनेट, फ्रॉन्क्स, टायझर या १८ टक्क्यांत. हा कर एक्स-शोरूम किमतीत धरलेलाच असतो. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी रस्ता कर येतो. वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के. सोळा लाखांच्या गाडीवर हा कर १ लाख ९२ हजार रुपये होतो. दहा लाखांपेक्षा महाग गाडीवर एक टक्का टीसीएसही घेतला जातो, या उदाहरणात १६ हजार रुपये. तो खर्च नसून आगाऊ कर आहे आणि आयकर विवरणपत्र भरताना त्याचे श्रेय मिळते. 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' अशा नावाची ओळ दिसली तर ती कशाची हे विचारावे आणि काढून टाकण्यास सांगावे.

विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे; गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा बाहेरून घेऊन पाहिल्यास बऱ्याचदा शोरूमचा आकडाही खाली येतो. झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे भागांच्या भरपाईतून घसारा न कापणारे संरक्षण, याबरोबर इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नाग नदीचे आणि अंबाझरीच्या सांडव्याचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा तळमजल्यावर उभ्या असलेल्या असंख्य गाड्या बुडाल्या. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून पाहिल्याने इंजिनात पाणी जाऊन झालेले नुकसान साध्या पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही. म्हणून जोड घेतलेली असली तरी अशा गाडीची चावी फिरवू नये, ती ओढूनच वर्कशॉपला न्यावी.

आठवी पायरी : गाडी ताब्यात घेताना

नोंदणीपूर्वी, दिवसाच्या उजेडात गाडी पाहून घ्यावी. चॅसिस क्रमांकाच्या पट्टीवरून उत्पादनाचा महिना व वर्ष तपासावे. जानेवारीत मागच्या वर्षीची गाडी त्याच किमतीत घेणे म्हणजे पुनर्विक्रीचे एक वर्ष फुकट देणे. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. पाचही टायरांवर ती गाडीच्या तारखेशी जुळणारी असावी. बॉनेट उघडून इंजिन तेच आहे ना, हे पावतीशी ताडून पाहावे. हे सांगणे हास्यास्पद वाटेल, पण जीटी लाइनचा किस्सा वर आलाच आहे. आपल्या पत्त्यानुसार नोंदणी एमएच ३१, एमएच ४९ किंवा ग्रामीणची एमएच ४० होईल. अर्जावरील पत्ता आधारशी जुळतो की नाही हे आधीच पाहिल्यास खेपा वाचतात.

पहिले हजार किलोमीटर इंजिन फार ताणू नये, एकाच वेगात तासन्‌तासही चालवू नये, आणि म्हणून समृद्धीवरची पहिली लांब फेरी त्यानंतरच ठेवावी. त्या फेरीपूर्वी टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना, चारही चाकांत आणि स्टेपनीत, भारानुसार स्टिकरवर दिलेल्या आकड्याएवढी भरावी. उन्हाळ्यात सिमेंटच्या रस्त्यावर शंभराच्या वेगाने गेल्यावर टायर तापतात आणि आतला दाब चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसतो. वाटेतल्या पंपावर तो पाहून कोणी हवा कमी करायला सांगितले तर करू नये. दाब कमी असलेला टायर अधिक वाकतो, अधिक तापतो आणि फुटण्याचा धोका त्यालाच जास्त असतो.